नर्सबाई आणि मुशीचं तेल

नर्सबाईंच्या हातात चमचा दिसला की पनवेलातली माणसं आपोआप तोंड उघडत. लहान पोरं उघडत, त्यांच्या आया उघडत, आणि कापडबाजारातले टोपीवाले शेटजीसुद्धा उघडत. त्या कुणाला दटावत नसत, आवाज चढवत नसत. समोर उभ्या राहून डावा हात माणसाच्या हनुवटीखाली धरायच्या आणि म्हणायच्या, "आ." एवढंच. चमचा आत जाऊन रिकामा बाहेर येई, आणि आपण काय गिळलं ते माणसाला मागाहून कळे.

त्यांचं खरं नाव रिबका. पण त्या नावानं हाक मारणारं गावात त्यांच्या जाऊबाईंशिवाय कुणी उरलं नव्हतं. त्या इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. यजमान फार लवकर गेले, मुलगा मुंबईत नोकरीला, आणि यांनी मुंबईच्याच एका मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून उभा जन्म काढलेला. निवृत्त झाल्यावर त्या सासरच्या घरी पनवेलला येऊन राहिल्या. त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला त्यांचे लोक मशीदच म्हणत. त्या मशिदीच्या मागच्या गल्लीत त्यांचं कौलारू घर होतं. पुढच्या बाजूला त्या राहत, मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. आमचे हे तिथल्या हायस्कुलात शिक्षक, आणि मी सांगलीकडून नुकतीच लग्न होऊन आलेली. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती.

गावात डॉक्टर होते, वैद्य होते. पण बाळंतपण म्हटलं की नर्सबाई. मिठागरांवरच्या वस्तीतून, उरणच्या वाटेवरच्या गावांतून बैलगाडी येऊन दाराशी उभी राही. त्यांची पिशवी तयारच असे. पांढरं लुगडं, पायात काळे बूट, आणि जाताना मला एक वाक्य ठरलेलं, "दूध आलं तर घेऊन ठेव ग." परत यायला कधी दुसरा दिवस उजाडे. मुलगा की मुलगी, एवढंही त्या आपणहून सांगत नसत. विचारलं तर म्हणत, "रडलं. बास."

माझं पहिलं बाळंतपण त्यांनीच केलं. मुलगा झाला, पण मी अगदी गळून गेले. पायरी चढली तरी धाप लागे, केस मुठीनं गळत. डॉक्टरांनी माशाच्या यकृताच्या तेलाची बाटली लिहून दिली. त्यात जीवनसत्त्वं असतात म्हणाले. हा शब्द तेव्हा नवा होता. आमच्या घरात माशाचं नावही निघत नसे. बाटलीचं बूच काढल्याबरोबर सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

"हे कशाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"माशाचं," नर्सबाई म्हणाल्या. "तुमची सून अंथरुणाला खिळली तर स्वयंपाक तुम्हीच करणार ना?"

"अहो, पण आमच्यात..."

"औषधाला जात नसते," नर्सबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आ."

मी 'आ' केलं. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला सासूबाई तुळशीला पाणी घालायला बाहेर जाऊ लागल्या. बाळालाही चमच्यातून त्याच तेलाचे थेंब सुरू झाले. मी हळूहळू सावरले. तेलानं सावरले की सासूबाईंच्या डिंकाच्या लाडवांनी, यावर आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं दोन पक्ष होते.

त्याच सुमाराला नर्सबाईंचं काहीतरी बिनसत चाललं होतं, पण माझ्या ते ध्यानात आलं नाही. आदल्या पावसाळ्यात त्यांना पोटाचं मोठं दुखणं झालं होतं. महिनोन्‌महिने पेज आणि चहापाव यांवर राहिल्या. उठल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या. त्यानंतर त्या दिवे लागायच्या आत घरी परतू लागल्या. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा शब्बाथचा, म्हणजे विसाव्याच्या वाराचा, दिवा असे, त्या दिवशी लवकर येणं साहजिक होतं. पण मग मंगळवारीही येऊ लागल्या, बुधवारीही. तिन्हीसांजेला अंगणातून घरात जाताना भिंतीला हात लावून चालत. एकदा मला म्हणाल्या, "अंधार फार लवकर पडतो ग हल्ली." चैत्र चालू होता. दिवस मोठे होत होते. मी नुसतं "हो" म्हटलं.

मग ती संध्याकाळ आली. त्यांचा सण जवळ आला होता म्हणून मोलकरणीनं सगळ्या फळ्या पुसून बाटल्या पुन्हा मांडल्या होत्या. बाळ किरकिर करत होतं. नर्सबाईंना सर्दी झाली होती, तरी त्या नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "आण इकडे, त्याचं तेल राहिलंय." फळीवरून तपकिरी बाटली घेतली, चमच्यात ओतलं, बाळाच्या हनुवटीखाली हात धरला. तेवढ्यात माझ्या नाकात वास गेला. तो माशाचा नव्हता. मी काही विचार न करता त्यांच्या हाताला फटका मारला. चमचा उडाला आणि बाळाच्या झबल्यावर तांबडा-तपकिरी डाग पसरला. ते आयोडीन होतं.

बाळ दचकून रडायला लागलं. नर्सबाई तशाच बसून राहिल्या. मग चाचपडत त्यांनी झबलं हातात घेतलं, नाकाशी नेलं, पण सर्दीनं त्यांना वास येईना.

"कुठली बाटली होती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"तोंडात गेलं का?"

"नाही."

"नीट बघ. जिभेवर बघ. मला दिसत नाही." हे शेवटचं वाक्य त्या इतक्या हळू बोलल्या की मला वाटलं, ते मला उद्देशून नव्हतंच. मग म्हणाल्या, "बरेच दिवस झाले. दिवस मावळला की मला काही दिसत नाही. बाटल्या मी जागेवरून ओळखते, वासावरून ओळखते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांना टपाल नाक्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, हुशार होते, आणि नर्सबाईंना थोडे वचकून असत. त्यांनी डोळे तपासले, पोटाचं दुखणं विचारलं, खाणं विचारलं आणि खूश झाले. "रातांधळेपणा आहे बाई. तुमच्या शरीरात अ जीवनसत्त्व उरलेलं नाही. सरळ गोष्ट आहे. तेल घ्या, रोज. दीडदोन महिन्यांत फरक पडेल." आणि त्यांनी तीच बाटली पुढे केली, जी नर्सबाईंनी मला पाजली होती, बाळाला पाजली होती, आणि इस्पितळात कोण जाणे किती जणांना.

नर्सबाईंनी ती घरी आणून खिडकीत ठेवली. आठवडा गेला तरी बूच तसंच. मी विचारलं, "अहो, घेत का नाही?"

त्या बाटलीकडे बघत म्हणाल्या, "हे कुठल्या माशाचं आहे ग?"

मला हसूच आलं. "नर्सबाई, तुम्ही विचारता?"

"तुला पाजताना विचारलं नाही, म्हणूनच आता विचारते."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की त्यांच्यात ज्या माशाला खवलं आणि पर दोन्ही आहेत तोच खातात. कोळंबी नाही, खेकडा नाही, मुशी, म्हणजे लहान शार्क, तीही नाही. इतके दिवस एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. मासे म्हणजे मासे, एवढंच मला माहीत. नर्सबाई सांगत होत्या, की त्या नोकरीला लागल्या तेव्हा तेल परदेशातून येई, ते कॉड नावाच्या माशाचं. त्याला खवलं असतात असं म्हणत. मग लढाई लागली, बोटी बंद झाल्या आणि इथल्याच समुद्रातल्या माशांचं तेल निघायला लागलं. ते मुशीचं, असं वॉर्डात बोलत. "मी लक्ष दिलं नाही. मला कुठं प्यायचं होतं?"

एवढी साधी बाब, विचारून टाकू, म्हणून आम्ही बाजारात गेलो. मी नाकाला पदर लावून मागे उभी. उरणजवळच्या करंजा गावची एक ओळखीची कोळीण होती, तिच्या सुनेचं बाळंतपण नर्सबाईंनी केलेलं. तिच्या पाटीत एक लहानशी मुशी पडली होती, राखाडी रंगाची.

"हिला खवलं असतात का ग?" नर्सबाईंनी विचारलं.

"मुशीला?" कोळीण हसली. "नाय बा. खवलं खरवडावी लागतात, हिला काय खरवडायचं?" मग थांबली. "पन तसं म्हटलं तर काय तरी हाय. हात फिरव ना बाय तूच."

नर्सबाईंनी मुशीच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला. मग शेपटीकडून डोक्याकडे फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला गोंधळ होता. त्यांनी माझा हात धरला आणि मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्या माशावर टेकवला. एका दिशेनं अगदी गुळगुळीत, आणि उलट फिरवला तर कानशीसारखं खरखरीत.

"मग हायत का नायत?" त्या कोळिणीच्याच बोलीत पुटपुटल्या.

"आमी नाय बा कधी इचार केला," कोळीण म्हणाली. "तू नेतेस का?"

तिथून त्या मशिदीत हझानसाहेबांकडे गेल्या. हझान म्हणजे त्यांच्यात प्रार्थना सांगणारे. वयस्कर, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "रिबकाबाई, जिवावर बेतलं असेल तर सगळं चालतं."

"जिवावर नाही. डोळ्यांवर बेतलंय."

"डोळा म्हणजे जीव नव्हे," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "पण डोळ्याशिवाय जीव तरी काय?" त्यांनी मुंबईच्या जाणत्या मंडळींना विचारायचं कबूल केलं. तिकडून निरोप आला तोही दोन तोंडांचा. एकजण म्हणाले, औषध हे अन्न नव्हे, घ्या. दुसरे म्हणाले, दुसरा उपाय असेल तर हे नको.

आणि उपाय तर सगळेच सांगत होते. वैद्यबुवांनी त्रिफळा आणि गाईचं तूप सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बोकडाची कलेजी खा, शेवग्याचा पाला खा, पण त्यानं एकट्यानं भागणार नाही, तेल पाहिजेच. डोळ्यांचा एक तज्ज्ञ महिन्यातून एकदा गावात येत असे, त्यानं डोळ्यात बत्ती मारून पाहिलं आणि म्हणाला, मोतीबिंदूची सुरुवात दिसते. तेल प्या नाहीतर नका पिऊ. जाऊबाई पेणहून आल्या, त्यांनी एलियाहू नबीच्या नावानं मलिद्याचा नवस बोलला. गोड पोहे आणि फळं वाढून करायचा त्यांचा विधी. माझ्या सासूबाईंनी गाजराचा किस सुचवला. जो तो अगदी खात्रीनं बोलत होता. उभा जन्म औषधांत काढलेली बाई या सगळ्यांपुढे शाळेत नवीन आलेल्या मुलीसारखी बसून असे, आणि प्रत्येकाला मान डोलावत असे.

शेवटी डॉक्टर कंटाळून म्हणाले, "बरं, मग ही नवीन कॅप्सूल घ्या. वास नाही, चव नाही." ती पिवळीधमक, काचेसारखी पारदर्शक होती.

"वरचं आवरण कशाचं?" नर्सबाईंनी विचारलं.

"जिलेटीनचं."

"म्हणजे?"

"हाडं उकळून करतात," डॉक्टर हसत म्हणाले. "आता हाडं कुठल्या जनावराची, ते मात्र मला विचारू नका."

या वेळी गोष्ट माझ्यावरच आली. तेलाचा वास सोसेना म्हणून गेले कित्येक दिवस मी गुपचूप नव्हे, सासूबाईंच्या देखत, "बघा, यात मासा दिसतो का?" असं म्हणत त्याच कॅप्सूल घेत होते. वाटेत आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. वडाळे तळ्याच्या काठाशी आल्यावर नर्सबाई थांबल्या आणि एकदम हसायला लागल्या. मीही हसले. पण घरी गेल्यावर माझी कॅप्सूलची बाटली उघडायची की टाकायची, हे मला काही केल्या ठरवता येईना. ती मी कपाटात तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिली. ती न घेण्याचं ठरवलं असं नाही. नुसती ठेवून दिली.

एका दुपारी मी शेवग्याचा पाला निवडत बसले होते, त्यांच्याचसाठी. त्या समोर येऊन बसल्या. चार काड्या निवडून झाल्यावर म्हणाल्या, "वॉर्डात एक बाई होती. गुजराती, जैन. तुझ्याहून लहानच असेल. बाळंतपणानंतर सुकून चाललेली. डॉक्टरांनी तेल लिहिलं. ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. हात जोडायची माझ्यापुढे. मी तिचं नाक दाबलं आणि ओतलं. म्हटलं, औषधाला जात नसते. रोज दाबायची, रोज ओतायची. ती रोज रडायची."

"मग?"

"बरी झाली. चांगली अंग धरून, बाळ घेऊन गेली. जाताना सगळ्या नर्सना नमस्कार केला तिनं. माझ्याकडे बघितलं नाही."

मी पाला निवडत राहिले.

"मला तेव्हा राग आला होता तिचा. वाटलं, जगवलं तर ही गुर्मी. आता ही बाटली समोर आली की तीच दिसते. तेव्हा मी बरोबर असेन, तर आज मी हे मुकाट्यानं प्यायला हवं. आणि आज मला अडायचा हक्क असेल, तर तेव्हा मी काय केलं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेली आहेस. सांग ना."

मी मॅट्रिक होते. मला सांगता आलं नाही. आजही येईल असं वाटत नाही.

दिवस तसेच चालले होते. मग एका संध्याकाळी मिठागराकडच्या वस्तीवरून गाडी आली. त्या घरातली सून अडली होती. तिचं पहिलं मूल आधीच गेलेलं. नवरा आणि त्याची आई, दोघं आली होती. नर्सबाई दारात उभ्या राहिल्या. समोर उजेड होता, पण तो सरत चालला होता.

"मी नाही येऊ शकत बाबा. मला दिसत नाही."

"बाय, तू चल फक्त," म्हातारी म्हणाली. "कंदील आमी धरू. दोन कंदील धरू. तू हात लाव नुसता."

"कंदिलानं नाही ग होत. एकाच्या जागी दुसरं केलं तर? माझ्या हातून एकदा होता होता राहिलं."

"तुज्या हाताला सगलं ठावं हाय," नवरा म्हणाला. तो रडत होता.

नर्सबाईंनी खांबाला धरलं. पिशवी त्यांच्या पायाशी होती, नेहमीसारखी भरलेली. एकदा वाटलं, त्या वाकतील आणि ती उचलतील. पण त्यांनी हात जोडले. गाडी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर मुंबईला गेलेले. मग ते लोक दुसऱ्या सुईणीला घेऊन गेले.

ती सून वाचली. मूल नाही वाचलं.

ही बातमी सकाळी दूधवाल्यानं सांगितली. मी नर्सबाईंच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते. त्यांनी विचारलं, "किती वाजता बाळंत झाली?" मग, "पायाळू होतं का?" त्याला ते ठाऊक नव्हतं. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी गेले असते तरी गेलं असतं, असंही असेल. हाताला दिसत होतं ते डोळ्यांना दिसायची गरज नव्हती, असंही असेल." मग त्या आत गेल्या, खिडकीतली बाटली घेतली, बूच काढलं, चमच्यात तेल ओतलं. स्वतःच्या हनुवटीखाली हात मात्र धरला नाही.

"घेते आजपासून," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे म्हणून नव्हे. मला कळेपर्यंत आणखी कुणी अडेल म्हणून."

आणि त्यांनी तेल घेतलं. तोंड वेडंवाकडं झालं. "शी! किती घाण लागतं ग हे!" त्या म्हणाल्या, आणि चकित होऊन रिकाम्या चमच्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्याची चव घेतलेली नव्हती.

त्यांनी तेल घेतलं, तसं बाकीचंही सोडलं नाही. त्रिफळा चालू होता, तूप चालू होतं, शेवगा चालू होता, हझानसाहेबांनी त्यांच्या रीतीप्रमाणे कापलेल्या बोकडाची कलेजी मिळेल तेव्हा निखाऱ्यावर भाजून खात होत्या. पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी त्या ओट्यावर बसल्या होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, "ते समोरच्या कौलावर मांजर आहे की माझ्या डोळ्यापुढे काही आलंय?" मांजरच होतं. मी ओरडलेच. त्यांनी मात्र मला गप्प केलं आणि मांजर उडी मारून जाईपर्यंत त्या बघत राहिल्या.

डॉक्टर म्हणाले, बघा, तेल. वैद्यबुवा म्हणाले, त्रिफळा. जाऊबाईंनी पेणहून येऊन मलिदा केला आणि आम्हालाही बोलावलं. सासूबाईंच्या मते तो शेवगा होता, आणि शेवगा आमच्या घरून जात होता. नर्सबाईंना कुणी विचारलं तर त्या म्हणत, "मी सगळ्यांचीच ऋणी आहे. कुणाला खोटं पाडू?" आणि डोळ्यांचा तज्ज्ञ पुन्हा आला तेव्हा म्हणाला, मोतीबिंदू आहे तो आहेच.

त्या पुन्हा बाळंतपणांना जाऊ लागल्या. मिठागराच्या त्या घरीही गेल्या, पुढच्या वर्षी, दिवसाउजेडी. आणि तिथे मूल रडलं. पण चमचा पूर्वीसारखा चालेना. आता त्या रोग्यासमोर बसत आणि सांगत, "यात मासा आहे. कुठला ते मला ठाऊक नाही. घेशील?" आणि उत्तराची वाट बघत. लोक गोंधळून जात. "तुम्ही सांगा ना नर्सबाई," म्हणत. "मी सांगणार नाही. त्यात काय आहे तेवढं सांगेन." काही घेत, काही नाही म्हणत. काही नुसतेच बसून राहत, कारण त्यांना असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. गावात कुजबुज झाली, की बाई थकल्या, पहिला वचक राहिला नाही. डॉक्टर तर माझ्यापाशी वैतागून म्हणाले, "यांच्या विचारण्यामुळे निम्मे लोक औषध घेत नाहीत." ते खरंही होतं. एका घरी त्या नकाराची किंमत मोजावी लागली असंही ऐकलं, आणि त्यावर नर्सबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तरी विचारणं सोडलं नाही.

मग त्यांच्या मुलानं इस्राएलला जायचं ठरवलं. त्याच्या ओळखीची, नात्यातली बरीच माणसं गेली होती. तो पनवेलला आला आणि म्हणाला, "आई, तू इथे एकटी काय करणार? चल." त्या एक दिवस "जाते" म्हणत, दुसऱ्या दिवशी "कशाला?" म्हणत. मला विचारत. मी म्हणत असे, "जाऊ नका," आणि लगेच, "पण मुलगा आहे तुमचा." अखेर त्या निघाल्या.

मुंबईची एसटी संध्याकाळची होती. मी सोडायला गेले. दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी पुन्हा त्याच कॅप्सूलच्या गोळ्या दिल्या होत्या आणि या वेळी त्या घ्यायच्या नाहीत म्हणून सासूबाईंनी पाय घट्ट रोवला होता. बसच्या पायरीपाशी मी त्यांचा हात धरून विचारलं, "नर्सबाई, मी घेऊ का नको? एवढं सांगून जा."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. वाटलं, आता त्या पूर्वीसारखं "आ" म्हणतील, आणि माझी सुटका होईल. पण त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"मला माहीत नाही ग पोरी," त्या म्हणाल्या. "खरंच नाही माहीत. माझं ऐकून घेऊ नकोस. आणि माझं ऐकून सोडूही नकोस."

त्यांचे डोळे भरून आले होते. कंडक्टरनं घंटी मारली. मला त्यांचा राग आला, आणि तो राग घेऊनच मी घरी आले. त्या गोळ्या मी कधी घेतल्या, कधी विसरले, कधी सासूबाईंसमोर टाकल्या. मुलगी झाली. पहिला मुलगा तेलावर वाढलेला, ही तशीच. आज दोघंही संसाराला लागली आहेत, आणि दोघांत काय फरक आहे तो मला तरी दिसत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांचे दोन नातलग निरनिराळ्या वेळी पनवेलला येऊन गेले. नर्सबाई गेल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. एकानं सांगितलं, की शेवटपर्यंत नजर चांगली होती, सुईत दोरा स्वतः ओवायच्या. दुसरा म्हणाला, छे, अखेरची वर्षं काहीच दिसत नव्हतं, हाताला धरून न्यावं लागे. दोघंही त्यांना भेटून आलेले. मी दोघांनाही खोदून खोदून विचारलं, पण दोघंही आपल्या बोलण्याला चिकटून राहिले.

एक गोष्ट मात्र दोघांनी सारखी सांगितली. त्या राहत त्या इमारतीत कुठकुठल्या देशांतून आलेल्या बायका होत्या. त्यांची भाषा नर्सबाईंना येत नव्हती, नर्सबाईंची त्यांना. तरी सकाळ झाली की एकेक जण आपलं तान्हं घेऊन त्यांच्या दारात येऊन उभी राही. नर्सबाई जमिनीवर पाय पसरून बसत, बाळाला पोटरीवर पालथं घेत, तेल चोळत, कोमट पाणी ओतत आणि त्याच्याशी मराठीत बोलत राहत. त्या बायका तिथेच बसून ऐकत, आणि त्यांचं आवरलं की एकजण पुढे होऊन पाण्याचं भांडं आत नेऊन ठेवी.